नावाची ताटं

माकणी, ता. लोहारा
दि. ८ जानेवारी २०२५

चि. दीक्षास,
तुझी आजी मालन हिचा जयभीम आन् डोक्यावर हात.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईनं दोनदा वाचून दाखवलं. हे लिहितीयही तीच, म्हणून अक्षर गोड दिसंल. बोलणं गोड न्हाय, ते आधीच सांगते. फोनवरच बोलले असते, पण कान गेल्यापासून फोन लावला की मला नुसती शिट्टी ऐकू येती, आन् मी रागावले की तुझी रेंज जाती. कागदाची रेंज जात न्हाय.

प्रसेनजितच्या घरचे नऊ फेब्रुवारीला, ऐतवारी, दुपारच्या जेवणाला यायलेत, ही गोष्ट चांगली झाली. सोलापूरची माणसं, शिकलेली, बाप रिटायर हापिसर. पोरगा तू निवडलास. आमी फक्त बघायचं आन् जेवू घालायचं, आन् ते आमाला येतं. पण जेवण कशावर मांडायचं ह्याची तू दीड पानाची यादी धाडलीस, ती ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

टेबल पायजे म्हणलीस. बरं. तुझ्या बापानं विहारातलं लांब टेबल मागून घेतलं. त्याचा एक पाय तोकडा हाय, खाली फरशीचा तुकडा सारू. इथवर माझं काय म्हणणं न्हाय. पुढं काय, तर टेबलाच्या मधोमध गोणपाटाची पट्टी अंथरायची. आगं, गोणपाटावर निजून माझी निम्मी जिंदगी गेली. पावसात खोळ करून तेच डोक्यावर घेतलं. आता तेच पाव्हण्यांच्या ताटाखाली घालायचं, आन् ते लई झ्याक दिसतं म्हणं. दिसत असंल, ज्याच्या पाठीला कधी टोचलं न्हाय त्याला.

मग पत्रावळी. मग गोरोबा कुंभाराकडनं ताकासाठी मातीची बोळकी, पिऊन झाली की टाकून द्यायची. पुण्याच्या कुठल्या हॉटेलात गावरान थाट म्हणून असंच मांडतात आन् ह्याला पैसा लागत न्हाय, असं तू लिहिलंस. पैसा लागत न्हाय हे खरं. आमाला कवाच लागला न्हाय. आमाला हा थाट फुकट मिळत व्हता.

ऐकून ठेव. माझ्या घरात पत्रावळ येणार न्हाय. बोळकं येणार न्हाय. स्टीलची नऊ ताटं फळीवर हायती, त्यात जेवतील. गोरोबावर माझा राग न्हाय, त्याच्या माठातलं पाणी मी रोज पिते. राग तुझ्यावर हाय.

आन् आणिक एक. यादीत खुर्च्या सातच कशा? तिकडनं चार माणसं येणार, पोरगा, त्याची आई, बाप, बहीण. इकडं तुझा बाप कुमार, आई वृषाली, तू आन् मी. मला वाचता येत न्हाय, पण माणसं मोजता येतात. वृषालीला विचारलं तर म्हणाली, वाढायला एक जण उभं लागतं. लागत असंल. पण तुझ्या पत्राचं शेवटचं पान वाचताना तिला खोकला आला, आन् खोकला थांबला तवा पत्र संपलं व्हतं.

येसराचा मसाला भाजून, दळून ठेवलाय. आमटीची काळजी करू नकोस. पोटभर जेवत जा, आन् मोबाईलात लोकांची टेबलं बघत बसू नकोस. राग हाय तोवर माया हाय, असं समजून ऱ्हा.

तुझी आजी
(डाव्या हाताचा आंगठा)

ता. क. दीक्षा, मी आई. आत्याबाई याहून बरंच बोलल्या, मी निम्मंच घातलंय. ताटांचा विषय सध्या काढू नकोस.


पुणे
दि. १५ जानेवारी २०२५

ती. आजीस,
दीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वाचून आधी हसू आलं, मग राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तुम्ही स्पष्ट बोलता, तर मीही स्पष्ट लिहिते.

टेबल मी मिरवायला मागितलेलं नाही. प्रसेनजितच्या आईंच्या, सिताबाईंच्या गुडघ्याचं दिवाळीत ऑपरेशन झालं. त्यांना खाली बसता येत नाही. त्या पंगतीत अवघडून बसल्या असत्या आणि आपण बघत बसलो असतो, ते तुम्हाला चाललं असतं का? दुसरं, बाबांच्या डोक्यावर या जेवणाचा भार नको, म्हणून जे गावातच मिळतं त्यातून काही सुंदर करता येईल का, याचा मी आठवडाभर विचार केला. कागदावर चित्र काढलं. कुठं काय ठेवायचं ते रंगवलं. त्याला तुम्ही फुकटचा थाट म्हणालात.

मी सोलापूरला त्यांच्याकडं जेवले तेव्हा सगळी ताटं एकसारखी होती, पांढरीशुभ्र. आपली नऊ ताटं नऊ तऱ्हेची. एकाचा काठ उभा, एकाचा बसका. भूकंपात ढिगाऱ्याखालून निघालेल्यांना पोचे पडलेले. आणि वर प्रत्येकाच्या काठावर नाव कोरलेलं. पाहुण्याच्या बोटाखाली आजोबांचं कोंडिबा, नाहीतर बाबांचं कुमार. त्यांना वाटेल, आपल्याला दुसऱ्याच्या ताटावर बसवलं. शाळेत डबा उघडला की झाकणावरचं नाव वाचून मुली हसायच्या, ते मी विसरलेले नाही.

पत्रावळीवर लोक हौसेनं जेवतात, आजी. तुम्हाला त्यात इतका अपमान कसला वाटतो तेच कळत नाही. खरंच काही कारण असेल तर सांगा. नुसता हट्ट असेल तर एकदा, फक्त एकदा, माझ्या मनासारखं होऊ द्या. हे माझ्या लग्नाचं जेवण आहे.

खुर्च्यांचं आई सांगते तेच बरोबर आहे. वाढायला कुणीतरी लागतं.

गुलाबजाम मी येताना धाराशिवहून घेईन. गुडघ्याला तेल लावत जा. भांडले तरी मला तुमच्याच कुशीत यायचंय, तेवढी जागा ठेवा.

आपली नात
दीक्षा


माकणी
दि. २१ जानेवारी २०२५

चि. दीक्षास,
आजीचा जयभीम. आशीर्वाद ह्या खेपेला राखून ठेवलाय.

अक्षर येगळं दिसंल. हे सिद्धलिंगचं हाय, आपल्या पोस्टमनचं. तो तुझं पत्र घेऊन आला तवा वृषाली अंगणवाडीत गेलती. म्हणलं, आलायस तर बस आन् वाच. ते वाचून झालं, मग म्या डब्यातनं तुझं पहिलं पत्र काढून दिलं आन् शेवटच्या पानावर बोट ठेवलं. त्या बिचाऱ्याला खोकला न्हाय. त्यानं सरळ वाचलं.

आजीला अकरा वाजताच जेवायला वाढ, आतल्या खोलीत बसव, पाहुणे जाईपर्यंत बाहेर येऊ देऊ नको. असं तू तुझ्या आईला लिहिलंस. म्या ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा सिद्धलिंगनं चष्मा काढून पुसला आन् उद्या येऊ का म्हणून विचारलं. म्हणलं, बस. लिहायचं हाय.

तोंडानं तू मला तू म्हणतीस आन् कागदावर तुम्ही. मला वाटलं, कागद लई मोठा माणूस दिसतोय. आता कळलं. तुम्ही टेबलावर मांडायचं आन् म्हातारी आत ढकलायची. वृषालीवर मी रागावणार न्हाय. थोडे दिस बोलणार न्हाय, तेवढंच.

तू कारण विचारलंस. तुझ्या आज्ज्याबिगर कुणाला म्या हे सांगितलेलं न्हाय. आता सिद्धलिंगला कळंल, कळू दे.

मी सात-आठ वर्षांची असंल. माहेरच्या गावात मोठ्या घरचं लग्न व्हतं. सगळं गाव जेवून उठलं, मग आमाला बोलावणं. गोठ्याच्या पलीकडं, उकिरड्याला लागून आमची पंगत. पत्रावळी आपण उचलून घ्यायच्या. वाढणारा वाकत नसं, वरूनच टाकायचा. लाडू पत्रावळीवर पडला तर आपला, मातीत पडला तरी आपला. ताक प्यायला मातीची बोळकी. तांब्या वर धरून लांबून धार सोडायची, बोळक्याला तांब्या लागता कामा नये. जेवून झालं की पत्रावळ आपण न्यायची, बोळकं येशीबाहेर नेऊन आपण फोडायचं. आमच्या उष्ट्याला कुणाचा हात लागू नये, म्हणून टाकून द्यायची भांडी.

मला ते बोळकं लई आवडलं. तांबडं, गुळगुळीत, माझ्या मुठीएवढं. आमच्या घरात इतकं देखणं काय नव्हतंच. म्या ते परकरात लपवून घरी आणलं आन् चुलीजवळ मांडलं. आईनं बघितलं. तिनं ते उचललं, दारातल्या दगडावर आपटलं आन् मला भाकरी थापायला बसवलं. का फोडलं ते तिनं सांगितलं न्हाय. मला दोन दिसांनी आपलं आपल्याला उमगलं.

पुढं लग्न होऊन माकणीला आले. धरणाच्या कामावर माती वाहिली. पहिल्या पगाराचं म्या लुगडं घेतलं न्हाय, उमरग्याच्या बाजारातनं स्टीलचं ताट घेतलं. दुकानदारानं विचारलं नाव काय घालू. बायका नवऱ्याचं सांगायच्या. म्या माझं सांगितलं. त्यानं टरटर करत कोरलं, मालन. वाचता येत न्हाय, पण अंधारातही बोट फिरवलं की ते कुठाय ते मला कळतं. मग तुझ्या आज्ज्याचं आणलं, मग कुमारचं, दिरांचं, नणंदांचं. अशी अकरा झाली. भूकंपात सात निघाली. मागनं वृषालीचं घेतलं, तुझं घेतलं. तू बारा दिसांची व्हतीस, दात नव्हता तोंडात, आन् फळीवर तुझं ताट व्हतं.

पत्रावळ टाकून देतात. ताट धुऊन परत फळीवर ठेवतात. तुझ्या नव्या माणसांनी माझ्या घरात जेवून ताट माघारी द्यावं आन् म्या ते माझ्या हातानं धुवावं, एवढीच माझी हौस. ते तुला हसण्यासारखं वाटत असंल तर हास. डब्याच्या झाकणावर नाव घालणारीही मीच.

आता तुझं तू ठरव. मला आत बसवायचं असंल तर मी आत न्हाय बसणार, तेरखेड्याला माझ्या बहिणीकडं जाते. तिथं फटाके करतात. माझ्या तोंडाची त्यांना सवय हाय.

सिद्धलिंगला चहा दिला. तुला काय द्यावं ते उत्तर आल्यावर बघते.

मालन कोंडिबा
(आंगठा)


पुणे
दि. २७ जानेवारी २०२५

ती. आजीस,
सप्रेम जयभीम. आज कागदावरही तूच म्हणते.

सिद्धलिंगकाकांनी वाचलं म्हणजे लोहाऱ्यापर्यंत सगळ्यांनी वाचलं. त्याचा राग मला आधी आला. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि कुणाकुणावर रागावायचं ते कळेना. जास्त राग आला तो याचा, की मी सव्वीस वर्षांची झाले आणि ही गोष्ट तू मला पोस्टमनच्या हातून सांगितलीस. मला माहीत असतं तर मी गोणपाटाचं नाव तरी काढलं असतं का? ते कोरलेलं नाव लपवायला मी डब्याच्या झाकणावर स्टिकर लावत होते, आजी.

पण आत बसवण्याचं कारण ताटं नव्हती. ते तुझं तोंड होतं, आणि तुला ते माहीत आहे. गेल्या वर्षी लातूरची माणसं मला बघायला आली, हुंड्यात गाडीचा विषय काढला. तू चहा देता देता मुलाच्या वडिलांना विचारलंस, की बैल विकायला आणणारा निदान दात तरी दाखवतो, तुम्ही पोराचं तोंडसुद्धा उघडू दिलं नाहीत, घ्यायचं कसं. ते अर्धा चहा टाकून उठले. तू बरोबर बोललीस. मी तेव्हाही तेच म्हटलं आणि आजही म्हणते. पण हा मुलगा मला हवा आहे. ही माणसं काही मागत नाहीत. तरी त्यांच्या तोंडून एखादा शब्द इकडचा तिकडं गेला आणि तू त्यांना बैलबाजारात नेलंस, तर मी काय करू? ती भीती मी तुझ्यासमोर बोलायला हवी होती. आईला गुपचूप लिहिली, ती माझी चूक.

तर असं. खुर्च्या आठ. ताटं तुझी. पत्रावळ नाही, बोळकं नाही, गोणपाट नाही. टेबल तू मांड, मी हात लावणार नाही. बदल्यात एकच दे. पाहुणे उठेपर्यंत तोंड फक्त जेवायला उघडायचं. एक शब्दही नाही. कबूल असेल तर आईला सांग, ती मला मेसेज करेल. तेरखेड्याला जाऊ नकोस.

भांडण तसंच ठेवून, पाया पडून थांबते.

तुझीच
दीक्षा


माकणी
दि. १२ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षास,
आजीचा जयभीम. मागच्या खेपेचा राखलेला आशीर्वाद ह्यातच जोडून घे.

अक्षर परत तुझ्या आईचं हाय. आमचं बोलणं सुरू झालं, कारण नऊ माणसांचा सैपाक मुक्यानं व्हत न्हाय. नववा सिद्धलिंग. पत्राच्या भानगडीत त्याचाही घास लागतो, तो त्यानं मागच्या दारी बसून खाल्ला न्हाय, कुमारशेजारी खुर्ची टाकून खाल्ला. खुर्ची त्याचीच, घरनं आणलेली.

सोमवारच्या पहिल्या गाडीनं तू गेलीस. सोयरीक जुळली, तुझं काम झालं. माझं राहिलंय. तू टेबलाशी व्हतीस, पण तुझं ध्यान पोराकडं. तवा म्या काय बघितलं ते सांगते.

टेबलावर गोणपाटाऐवजी माझं पांढरं पातळ अंथरलं, नागपूरला दीक्षाभूमीवर नेसून गेले व्हते ते. तुला आल्या आल्या डोळ्यात पाणी आलं, ते म्या बघितलं न्हाय असं समजू नकोस. पितळी तांब्यात करडईची फुलं आन् जवारीची चार कणसं तुझ्या बापानं रानातनं आणली. ताटं चिंच आन् राखेनं घासली, पोच्यासकट तोंड दिसाय लागलं. प्रत्येक ताटात एका बाजूला लाल चटणी, हिरवा ठेचा, पांढरं मीठ, पिवळ्या लिंबाची फोड. ह्याला पैसा लागला न्हाय. तुझ्या चित्रात ह्याहून काय जास्त व्हतं ते एकदा दाखव.

आता खुर्ची. खुर्चीवर माझे पाय जमिनीला लागत न्हायत हे मला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कळलं. पोरीसारखे लोंबकळत व्हते. त्या पोराच्या बहिणीनं बघितलं आन् उठून पाट आणून पायाखाली सारला. पोरगी बरी हाय.

तोंड म्या उघडलं न्हाय. शब्द पाळला. सिताबाईंनी माझी तब्येत विचारली, म्या मान हलवली. प्रसेनजितच्या बापानं धरणाला पाणी किती विचारलं, म्या हातानं दाखवलं. ते सगळे घाबरले. त्यांना वाटलं म्हातारी रुसलीय, सोयरीक पसंत न्हाय. तू टेबलाखालनं मला पाय मारलास तो वृषालीला लागला.

आन् सिताबाईंच्या पुढ्यात माझं ताट म्याच ठेवलं व्हतं. तोंड उघडायचं न्हाय असं ठरलं व्हतं. ताट कुठलं कुणापुढं मांडायचं, हे काय ठरलं नव्हतं. टेबल मी मांडायचं, असं तूच लिहून दिलंस.

भाकरी मोडताना त्यांचं बोट काठावर थांबलं. त्यांनी ताट जरा फिरवलं, मालन असं वाचलं आन् मालन कोण म्हणून विचारलं. म्या हनवटीनं माझ्याकडं दाखवलं. मग त्यांनी नवऱ्याच्या ताटावरचं वाचलं, पोराच्या ताटावरचं वाचलं, आन् प्रत्येक ताटावर नाव कसं काय, असं मलाच विचारलं. माझ्या तोंडात घास व्हता. तो म्या चावत बसले. येवढा बारीक घास म्या जन्मात चावला नव्हता. सगळे माझ्याकडं बघायलेत आन् मी तुझ्याकडं.

तू पाणी प्यालीस. मग सांगितलंस. उकिरड्याजवळची पंगत, वरनं सोडलेली धार, परकरातलं बोळकं, दारातला दगड, धरणाचा पहिला पगार. सगळं, सासूपुढं, सासऱ्यापुढं, खाली न बघता. स्टिकरचंही सांगितलंस. तेवढं सांगायची गरज नव्हती, पण सांगितलंस.

सिताबाईंनी काठावरच्या नावावरनं परत बोट फिरवलं. मग म्हणाल्या की त्यांच्या आईचं असलंच एक बोळकं फोडायचं राहूनच गेलं, शेवटपर्यंत तिच्या उशाशी व्हतं, आन् ते का जपलंय हे त्यांनी तिला कधी विचारलं न्हाय. मग त्याच ताटात आणिक आमटी मागून घेतली. उठताना ताट उचलून स्वतः मोरीकडं निघाल्या, तसा गुडघा. म्या पुढं होऊन हातातनं काढून घेतलं. ते माझं काम. सोलापूरला माझ्या नावाचं ताट करून ठेवणार म्हणाल्या. म्या मान हलवली.

आता माझा राग. तू तीन गोष्टी चुकीच्या सांगितल्यास. एक, लाडू नव्हे, लाडवाचे तुकडे म्हणलीस. अख्खा व्हता, खोटं कशाला. दोन, उमरग्याचा बाजार लातूरला नेऊन ठेवलास. तिसरी लई मोठी. बोळकं फोडताना माझी आई रडली, असं सांगितलंस. म्या पत्रात कुठं तसं लिहवलं? सिद्धलिंगला विचारलं, तोही न्हाय म्हणाला. आई रडली न्हाय. तिनं ते आपटलं, तुकडे पायानं बाजूला लोटले, हात धुतले आन् मला पीठ काढून दिलं. रडली असती तर म्या ते कवाच इसरले असते. पुढं कुणाला सांगशील, तुझ्या लेकराबाळांना सांगशील, तर तेवढं नीट सांग.

प्रसेनजितसाठी नवं ताट आणून ठेवलंय. नाव अजून कोरलं न्हाय. आणिक दोनदा जेवू दे, उष्टं टाकतो का बघते.

गुलाबजाम पाकात बुडालेले चार उरलेत, ते मी कुणाला देणार न्हाय. लवकर ये, आन् येताना भांडण घेऊन ये, घरात लई शांत वाटायलंय.

तुझी आजी, मालन
(आंगठा)

ता. क. दीक्षा, मी आई. या खेपेला एकही शब्द गाळलेला नाही. त्या शेजारी बसून ओळीवर बोट फिरवत होत्या.